दोन तालमी, एक नट

राज्य नाट्यस्पर्धा १९५४ साली सुरू झाली. तिच्या हंगामात नाशकातील हौशी नटास उसंत म्हणून नसते. मी शाळेत शिक्षक असताना भिडेखातर दोन नाटके पत्करली. एक स्पर्धेचे, दुसरे एका मंडळाच्या वार्षिकोत्सवाचे. एके रात्री दुसऱ्या तालमीस उशिरा पोचलो, तो माझी वाक्ये प्रॉम्प्टर वाचीत होता, आणि माझ्या कन्येची भूमिका करणाऱ्या बाई रिकाम्या खुर्चीचा निरोप घेत होत्या. कोणी रागावले नाही. तेच अधिक लागले. दुसरे दिवशी मी ती भूमिका सोडली. नटाच्या होकारावर दहा जणांच्या संध्याकाळी अवलंबून असतात. म्हणून नकार द्यावयाचा तो पहिल्याच दिवशी द्यावा. म्हणजे दुसरा नट शोधण्यास अवधी तरी उरतो.