देवमाशाचें जम्मूंतील नातें

देवमासा हा मासा नव्हे. तो हवेंत श्वास घेतो, पिलांना दूध पाजतो. मग जमिनीवर त्याचे आप्त कोण? याचें उत्तर जम्मूकडील कालाकोटच्या खडकांत दडलें होतें. भूशास्त्रज्ञ ए. रंगराव यांनीं ते खडक जमविले. १९७१ सालीं ‘इंडोह्यूस’ प्राण्याचें वर्णनही प्रसिद्ध केलें. परंतु पुष्कळसे खडक त्यांच्या हयातींत न फोडतांच राहिले. पुढें त्यांच्या पत्नीनें ते संशोधक थेविसेन यांच्या हवालीं केले. एक कवटी अवचित फुटली, आणि कानाच्या हाडाची आंतली कड देवमाशासारखीच जाड दिसली! २००७ सालीं हें प्रसिद्ध झालें. सुमारें ४ कोटी ८० लक्ष वर्षांपूर्वींचा, मांजराएवढा, खुरांचा हा प्राणी देवमाशाचा पूर्वज नव्हे, पण चुलत घराण्यांतला खास. ते दगड जपणाऱ्या हातांचें ऋण आपण विसरूं नये.