‘नाही’ म्हणणारा नगरसेवक

(२०२६ च्या पुणे महापालिका निवडणुकीपूर्वीचे अध्यक्षीय भाषण)

साहित्य मंडळाच्या अध्यक्षाने मराठी भाषेची काळजी वाहावी आणि श्रोत्यांनी चहाची वाट पाहावी, असा रिवाज आहे. आज तो मोडायचा आहे. महापालिकेची निवडणूक दारात आहे. पुण्याच्या सभागृहाची मुदत १४ मार्च २०२२ रोजी संपली आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षे शहर प्रशासकाच्या सहीवर चालले. एवढ्या काळात समोर बसलेल्या विद्वज्जनांना नगरसेवकाची आठवण किती वेळा झाली? एकदा. सभागृहाचे भाडे वाढले तेव्हा.

आता उमेदवारांची गुळगुळीत पत्रके घरोघर पडू लागली आहेत. त्यांत मेट्रो आहे, रिंगरोड आहे. मेट्रो बहुतांशी महामेट्रो बांधते, रिंगरोड राज्य सरकारच्या हातात. नगरसेवकाला यातले काय करता येते? फीत कापताना मागच्या रांगेत उभे राहता येते. त्याच्या हातात खरोखर जे असते त्याचा पत्रकात उल्लेख नाही. ती म्हणजे ‘स’ यादी. प्रभागातली छोटी कामे नगरसेवकाच्या शब्दावर याच यादीतून होतात. शाबूत पेव्हर ब्लॉक उखडून नवे बसतात. जिथे सावली नाही तिथे बाक येतात, आणि पाठीवर ‘यांच्या प्रयत्नातून’ असे लिहिलेले असते. कापडी पिशव्या वाटल्या जातात, त्यांवरही फोटो. वर्ष सरत आले की ‘वर्गीकरणा’चे प्रस्ताव येतात, म्हणजे एका कामाचा पैसा दुसऱ्याकडे. पैसा कमी पडतो म्हणून वस्ती सुधारत नाही, हे अर्धसत्य आहे. पैसा कुठे खर्चायचा नाही, हे कोणी ठामपणे सांगत नाही, ही खरी अडचण.

याच शहरात ते सांगणारा एक माणूस होऊन गेला. १८७६ पासून काही वर्षे जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते, तेही सरकारनियुक्त. १८८० मध्ये व्हाइसरॉय लिटन येणार म्हणून सजावटीवर पैसा खर्चायचे ठरले, तेव्हा विरोध एकट्या जोतीरावांनी केला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्चा, असे त्यांचे म्हणणे. नव्या मंडईच्या इमारतीवरच्या खर्चालाही त्यांनी विरोध केला. इमारत झालीच. १८८६ मध्ये ती रे मार्केट म्हणून उघडली. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत गेले आणि त्यांच्या पुढाकाराने तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. ज्यांनी ती नको म्हटले त्यांचेच! आपण नाव तेवढे घेतले, विरोध विसरलो. (अत्रे नाटके लिहून गटाराच्या बैठकीला बसत होते. हे या मंडळातल्या शुद्ध साहित्यवाद्यांनी कृपया टिपून घ्यावे.)

तेव्हा उमेदवार दारात आला की तो काय करणार, हे विचारू नका. कशाला नकार देणार, ते विचारा.

ओढ्याचेच घ्या. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा घराघरांत शिरला, अरण्येश्वरला टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळली, माणसे मेली. शहर आणि परिसर धरून त्या पुराचे बळी वीसहून अधिक. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्याचा विसर्ग वाढला आणि सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी पाण्यात गेली. दोन्ही वेळा नगरसेवक, माजी नगरसेवक आणि भावी नगरसेवक बिस्किटे, ब्लँकेटे घेऊन पोचले. त्यांच्या माणुसकीवर शंका नाही. पण ओढ्यात राडारोडा टाकणाऱ्या ठेकेदाराला, पात्र अरुंद करणाऱ्या भिंतीला, पूररेषेत चढणाऱ्या इमल्याला ‘चालणार नाही’ म्हणायची वेळ पावसाच्या कितीतरी आधी येते. तेव्हा तिथे कॅमेरा नसतो.

पदपथांची कथा निराळी नाही. २०१६ मध्ये महापालिकेने पादचारी धोरण केले, रस्ते कसे आखावेत याची मार्गदर्शक तत्त्वेही. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन साजरा होतो. एक दिवस! उरलेल्या दिवसांत पदपथावरून दुचाकी जातात आणि कारवाईची गाडी आली की उचलली जाते ती भाजीवालीची पाटी. वास्तविक २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने शहर फेरीवाला समितीत विक्रेत्यांना ४० टक्के जागा दिल्या आहेत. भाजीवालीला हटवा म्हणून अर्ज करणारे आणि दारातल्या पार्किंगला हात लावू नका म्हणणारे एकाच सोसायटीत राहतात, आणि त्यातले काहीजण आज पहिल्या रांगेत आहेत. उमेदवार त्यांना दुखवणार नाही. मते आहेत ना!

कचऱ्याबाबतही तेच. १९९३ मध्ये उभी राहिलेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आणि २००८ पासून दारोदार कचरा गोळा करणारी ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था पुण्याने देशाला दाखवली. तरी मोठ्या ठेकेदाराला काम द्यायची टूम अधूनमधून निघतेच. ती निघाल्यावर सभागृहात ‘नाही’ म्हणायला कोण उभा राहील, एवढेच विचारा.

शेवटी क्षेत्रसभेबद्दल. मतदारांनी एकत्र बसून प्रभागातली कामे सुचवावीत, अशी तरतूद राज्याच्या कायद्यात २००९ पासून आहे. अध्यक्षस्थान नगरसेवकाचे. या मांडवात क्षेत्रसभेला गेलेले किती आहेत? हात वर करा.

दिसले. २००६ पासून पुण्यात नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची पद्धतही आहे. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देता येतो. तिथे इथली गर्दी कधी दिसली नाही.

म्हणून अध्यक्षांची एकच सूचना, आणि ती कार्यकारिणीने आजच मंजूर करावी. पुढच्या बैठकीला कविसंमेलन नको. या प्रभागात चार जागा आहेत. त्यांच्या सर्व उमेदवारांना, पक्ष न पाहता, बोलवावे. प्रत्येकाला पाच मिनिटे. ‘स’ यादीतली कोणती तीन कामे करणार नाही, ते त्याने लिहून द्यावे आणि तो कागद मंडळाच्या फलकावर पाच वर्षे राहावा. हार-तुरे नकोत, पत्रके दाराबाहेर ठेवावीत. फलकाच्या काचेचा खर्च मंडळानेच करावा, ‘स’ यादीतून नको.