गाडीची वेळ आणि माणसाची वेळ

शंभरातल्या किती गाड्या वेळेवर धावल्या, याचा आकडा रेल्वे वेळोवेळी जाहीर करते. तो वाचून फलाटावर ताटकळणाऱ्या माणसाला हसू येतं. 'सगळ्यांच्या गाड्या वेळेवर, मग नेमकी माझीच रोज लेट कशी?' असं तो विचारतो. मग खोटं कोण बोलतं? रेल्वे की प्रवासी? मंडळी, माझ्या मते बहुधा कोणीच नाही. दोघे मोजतात वेगवेगळ्या गोष्टी आणि नाव मात्र एकच देतात, एवढाच घोटाळा आहे.

'वेळेवर' याचा अर्थ आधी पाहू. मेल किंवा एक्स्प्रेस गाडी शेवटच्या स्टेशनात ठरल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत पोचली, की ती वेळेवर आली, असं धरण्याची पद्धत आपल्याकडे चालत आली आहे. जर्मनीत ही सवलत सहा मिनिटांच्या आतली आहे. पण तिथं रद्द झालेली गाडी त्या हिशेबात येतच नाही! ब्रिटनमध्ये २०१९ पासून मधल्या स्टेशनांवरची वेळही मिनिटामिनिटानं पाहतात. तेव्हा एका देशाचा टक्का दुसऱ्याशेजारी ठेवण्यापूर्वी दोघांचं माप एकच आहे का, हे विचारलेलं बरं.

आता असं समजा, की मुंबईहून नागपूरला निघालेली गाडी भुसावळला चाळीस मिनिटं उशिरा आली. पुढं तिनं वेळ भरून काढला आणि नागपुरास ती दहाच मिनिटं उशिरा लागली. कागदावर ही गाडी वेळेवर आली. पण भुसावळला उतरून ज्याला यावलची शेवटची एस. टी. गाठायची होती, त्याची रात्र स्टॅंडच्या बाकावर गेली. त्याला तुम्ही टक्केवारी सांगून पाहा! मधल्या स्टेशनांची ही उपेक्षा भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनीही २०२२ मध्ये संसदेपुढं आलेल्या अहवालात दाखवून दिली आहे.

हा वेळ भरून कसा निघतो? वेळापत्रकातच, विशेषतः शेवटच्या टप्प्यात, थोडी मिनिटं राखून ठेवलेली असतात. दादर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर अवघं नऊ किलोमीटर. लांबच्या गाडीला जाताना किती मिनिटं दिली आहेत आणि येताना किती, हे सवडीनं ताडून पाहा. यात लबाडी आहे असं मी म्हणत नाही. रूळांची दुरुस्ती असते, सिग्नल मिळत नाही, फलाट मोकळा नसतो. त्यासाठी थोडी शिल्लक हवीच. पण त्या शिलकीमुळं वाटेतला उशीर आकड्यात दिसेनासा होतो, हेही खरं.

दुसरी गोष्ट अशी, की रेल्वे गाड्या मोजते, माणसं मोजत नाही. दहा गाड्यांपैकी नऊ वेळेवर आल्या. प्रत्येकीत दोनशे माणसं होती. दहावी गर्दीच्या वेळची, तीत अठराशे माणसं, आणि तीच रखडली. गाड्यांचा वक्तशीरपणा नव्वद टक्के झाला. पण निम्मी माणसं उशिरा पोचली!

आकडा चांगला म्हणजे सेवा चांगली, असंही नाही. १ जुलै २०२० रोजी भारतीय रेल्वेच्या सगळ्या, म्हणजे २०१ गाड्या वेळेवर पोचल्या. शंभर टक्के! पण ते दिवस करोनाच्या साथीचे होते. एरवी हजारोंनी धावणाऱ्या गाड्या तेव्हा बंद होत्या आणि रूळ मोकळे होते.

आता प्रवाशालाही दोन शब्द सांगायला हवेत. आपली स्मरणशक्ती पक्षपाती असते. वीस दिवस गाडी वेळेवर येते, ते आपण विसरतो. एक दिवस लेटमार्क लागतो, तो वर्षभर सांगतो. म्हणून एक छोटी वही करा. महिनाभर रोज गाडीची छापील वेळ आणि खरी वेळ लिहा. तुमची तक्रार वाजवी असेल तर ती वही तुमची साक्षीदार होईल. नसेल तर रागही निवळेल.

एक हिशेब मात्र कुठल्याच तक्त्यात येत नाही. गाडीचा भरवसा नाही म्हणून जो माणूस रोज वीस मिनिटं आधीची लोकल पकडतो, तो कचेरीत वेळेवर पोचतो. त्याची गाडीही वेळेवर धरली जाते. पण वर्षाचे तीनशे दिवस धरले, तर त्याचे शंभर तास गेले. ते त्याच्या झोपेतून गेले, मुलांच्या अभ्यासातून गेले. पुढच्या वेळी टक्केवारी वाचाल तेव्हा तीन प्रश्न विचारा: कुठं मोजलं, किती मिनिटं माफ केली, आणि माणसं मोजली का? या तिन्हींची उत्तरं शेजारी छापली जातील, तेव्हा तो आकडा वाचून फलाटावरच्या माणसाला हसू येणार नाही.