गोळी चुकू नये म्हणून

उच्च रक्तदाब सहसा कायमचा जात नाही.
तो ताब्यात ठेवावा लागतो.
त्यासाठी बहुतेकांना गोळी रोज लागते.

उरण तालुक्यात रक्तदाब शोधण्याचे काम घरापासून सुरू होते.
आशाताई तिशीपुढच्या माणसांचा फॉर्म भरतात.
तंबाखू, दारू, घरातले आजार विचारतात.
टेपने कंबरही मोजतात.

मग उपकेंद्रात रक्तदाब आणि साखर तपासतात.
गरज पडली, तर पुढे कोप्रोलीचे आरोग्य केंद्र,
नाहीतर उरणचे ग्रामीण रुग्णालय.
औषध डॉक्टर ठरवतात.

खरी अडचण त्यानंतरची.
बरे वाटले, की गोळी सुटते.
ताटात सुकी मासळी असतेच;
तिच्यातले मीठ रक्तदाब वाढवते.

करंजाचा खलाशी बोटीवर गेला, की तपासणीची तारीख हुकते.
म्हणून निघतानाच पुरेशा गोळ्या सोबत हव्यात.
गोळी रोज, बरे वाटले तरी रोज.

तारीख हुकली, तर आशाताई घरी येऊन विचारपूस करतात.