जागो विकणाऱ्या, जागो
(मोलगी येथे तरुणांच्या सभेत केलेलं भाषण)



24 डिसेंबरला सरकार ग्राहक दिन करतं. जागो ग्राहक जागो! पण मोलगीच्या बाजारात आपला माणूस जास्त नागवला जातो तो विकताना.

कुणी विचारील, भीमवाल्यांचं इथं काय काम? पँथरच्या 1973 च्या जाहीरनाम्यात ‘दलित’ या शब्दात अनुसूचित जमाती होत्या, भूमिहीन होते, बाया होत्या. हे आमचंच काम आहे.

आमचूर घ्या. उन्हाळ्यात आख्खं घर कैऱ्यांना भिडतं. पाडायच्या, सोलायच्या, चिरायच्या, खडकावर वाळवायच्या. रात्री अवकाळीचा थेंब पडला की बाया उठून फोडी गोळा करतात. फोड काळी पडली की भाव पडला. एवढं करून माल डोक्यावर घेऊन डोंगर उतरायचा, आणि व्यापारी मूठभर हातात घेऊन नाक मुरडणार : “ओला आहे.” झाला कडता! किती कापायचं ते त्याचं तोंड ठरवणार.

1986 चा ग्राहक कायदा आला, त्याच्या जागी 2019 चा आला. दोन्हीत ग्राहक म्हणजे विकत घेणारा. पोटापाण्याच्या शेतीसाठी घेतलेलं बियाणं खोटं निघालं तर जिल्हा आयोगाकडे जरूर जा. पण आमचूर विकणाऱ्या बाईला त्या दारात जागा नाही.

2009 चा वैधमापन कायदा मात्र दोन्ही अंगांनी चालतो. देताना कमी देणं जसा गुन्हा, तसं घेताना फसवून जास्त घेणं हाही गुन्हा. काट्यावर तपासणीचा शिक्का पाहिजे. तो बघायला साहेब लागत नाही, डोळे लागतात. आणि आकडा आपल्याकडे वळवून मागा!

आता भावाचं. चार व्यापारी चहा पिता पिता एकच भाव ठरवत असतील, तर त्याला बाजारभाव म्हणू नका. 2002 च्या स्पर्धा कायद्याचं कलम 3 संगनमतानं खरेदीचा भाव ठरवण्याच्या विरुद्ध आहे. पण तो आयोग बसतो दिल्लीत, आणि खरी गाठ तर घरातच आहे. पावसाळ्यात ज्याच्याकडून दाणे उचलले, उन्हाळ्यात माल त्याच्याच काट्यावर जातो. दुकानं दहा असोत, उचल घेतलेल्याला दुकान एकच! कसली स्पर्धा नि कसलं काय. दिल्लीवाल्यांच्या फायलीत ही उचल कुठं दिसणार?

बाबासाहेबांनी 1947 साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये आर्थिक पिळवणुकीविरुद्धचं संरक्षण घटनेतच मागितलं होतं. ते उगाच नव्हे.

मोह-चारोळीची मालकी 2006 च्या वनहक्क कायद्यानं आपल्याकडे आली. बांधावरचा आंबा तर आपलाच. मग एकेकट्यानं का विकायचं? पाड्याचा माल एकत्र करा आणि पावसाळ्याची उचल ग्रामसभेच्या धान्यकोठीतून द्या. उचल सुटली की दुसऱ्या दुकानाचा रस्ता मोकळा होतो.

येत्या बाजारापासून आपली पोरं शिक्क्याचा काटा घेऊन तोंडाशीच बसतील. आधी आपल्याकडे मोजायचं, वजन चिठ्ठीवर लिहून घ्यायचं, मग व्यापाऱ्याकडे जायचं. कोण कोण बसणार त्यांची नावं सभा संपल्यावर याच ओट्यावर घेतो. पोरींनीही द्या.