विमा कोणाचा, जीव कोणाचा?

(बुलढाणा जिल्ह्यातील युवक शिबिरात केलेले भाषण)



मी मुंबईच्या गोदीत ओझी उचलणारा माणूस. कविता लिहितो, पण आज कविता नाही, हिशेब मांडणार आहे.

4 ऑगस्ट 2011 ला मुंबईजवळच्या समुद्रात ‘रॅक कॅरियर’ नावाचं जहाज बुडालं. पोटात साठ हजार टनांवर कोळसा. तेल पाण्यावर पसरलं. 2016 साली हरित न्यायाधिकरणानं समुद्राच्या नासाडीपोटी जहाजवाल्यांना 100 कोटी भरायचा आदेश दिला. बरं झालं. समुद्राला वाली भेटला. आता माणसाचा भाव बघा.

1984 साली भोपाळ झालं. 1986 साली दिल्लीच्या ऑलियम वायूगळतीच्या खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं, धोक्याचा धंदा करणाऱ्याची कुठलीच सबब चालणार नाही. कारखाना जेवढा मोठा तेवढी भरपाई मोठी. मग 1991 चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा आला. जहरी रसायन हाताळणाऱ्या मालकानं विमा उतरवलाच पाहिजे. चूक कुणाची, हे पीडितानं सिद्ध करायचं नाही. झकास! पण मेलेल्या माणसाची तातडीची मदत तेव्हा किती ठरली? 25 हजार रुपये! अन् वर ‘कामगार सोडून’ अशी मेख. कामगारासाठी म्हणे 1923 चा वेगळा कायदा होता. पण ज्याचं नाव मस्टरवरच नाही, त्यानं कोणतं दार ठोठवायचं?

विमा मालकाला शहाणा करतो तो हप्त्यानं. जीव महाग धरला तर हप्ता चढतो, मग मालक गळकी टाकी बदलतो. जीव 25 हजारांचा धरला तर टाकी महाग अन् मरण स्वस्त. त्या टाकीत उतरतो कोण? कारखान्याच्या भिंतीला टेकलेली झोपडी कुणाची? सांगायला नको. गावकुसाबाहेरचेच आपण, आता एमआयडीसीच्या कुंपणाबाहेर.

म्हणून नुसत्या घोषणा पुरे. खामगाव, मलकापूरच्या एमआयडीसीत कुणाकडे ही पॉलिसी आहे, माहितीच्या अधिकारात विचारा. अपघात झाला तर पाच वर्षांच्या आत कलेक्टरकडे अर्ज टाका. मदत घेतली म्हणून हक्क संपत नाही. कोर्टात जास्तीची भरपाई मागता येते. तेव्हा कोऱ्या कागदावर अंगठा कुणालाच देऊ नका.

बाबासाहेबांनी आपल्याला कायदा वाचायला शिकवलं. तो वाचा, अन् जिथं आपल्याला वगळलंय तिथं बोट ठेवून भांडा.

जय भीम!