शिवी द्यायची तर बरोबरीत

(नांदेडच्या युवक मेळाव्यात केलेलं भाषण, बोललो तसंच)



मला साहित्यावर बोलायला सांगितलंय. मी दहावी पास. मूळचा उदगीरकडचा, आता मुंबईच्या गोदीत माल उचलतो आणि रात्री कविता लिहितो. साहित्याचं शास्त्र मला येत नाही. शिव्यांचं येतं. म्हणून शिव्यांवरच बोलतो.

गोदीत शिवी म्हणजे हाक. 'हबेस' म्हणजे उचल, 'आरिया' म्हणजे खाली सोड. या दोन शब्दांच्या मधे जे बोललं जातं त्या सगळ्या शिव्या. माझा जोडीदार जौनपूरचा. तो मला देतो, मी त्याला देतो, आणि जेवणाच्या सुट्टीत आम्ही एकाच डब्यात हात घालतो. कुणाचं काही बिघडत नाही. का बिघडत नाही? कारण दोघांच्या पाठीवर पोतं सारख्याच वजनाचं असतं.

आता लेखकांकडे या. फेसबुकवर कवी कवीची टोपी उडवतो, कथाकार समीक्षकाची पगडी, आणि खाली पाचशे लोक हसतात. लोक म्हणतात, काय जमाना आला! जमाना नवा नाही. १९२५ साली अत्र्यांनी केशवकुमार नावानं 'झेंडूची फुलें' काढली आणि रविकिरण मंडळाच्या कवींची भर बाजारात खिल्ली उडवली. पुढं अत्रे नि ना. सी. फडके यांचं भांडण तर वर्षानुवर्षं चाललं. अख्ख्या महाराष्ट्रानं ते चवीनं वाचलं. पण झालं काय? फडके १९४० साली रत्नागिरीला साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, अत्रे १९४२ साली नाशिकला. भांडणानं ना याचं पुस्तक खपायचं थांबलं, ना त्याचं.

मी अत्र्यांना नावं ठेवायला उभा नाही. या माणसानं १९५४ साली 'महात्मा फुले' सिनेमा काढला. १९५६ च्या डिसेंबरात बाबासाहेबांना निरोप देताना दादरच्या चौपाटीवर हाच माणूस बोलला. माझं म्हणणं वेगळंच आहे. ते दोघे एकमेकांवर चिखल फेकू शकले, कारण दोघांच्याही घरी धुवायला पाणी होतं.

आता दुसरं चित्र बघा. १५ ऑगस्ट १९७२. 'साधना'च्या अंकात राजा ढाले 'काळा स्वातंत्र्यदिन' लिहितात. आपल्याच मराठवाड्यातल्या, परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात दलित बाईची विटंबना झालेली. ढाल्यांचा सवाल सरळ होता: झेंड्याच्या अपमानाला तीनशे रुपये दंड आणि आमच्या बाईच्या अब्रूला पन्नास? त्यांची भाषा जहाल होती, हे कबूल. पण त्या भाषेवर केवढा गदारोळ! दुर्गा भागवतांसारख्या विदुषीनंही आक्षेप घेतला. अत्र्यांचा शब्द तो विनोद, आणि ढाल्यांचा शब्द तो गुन्हा. शब्द कोणाच्या तोंडातून येतो त्यावर त्याचा भाव ठरतो.

आणि या नांदेड जिल्ह्यात तर शिवीसुद्धा लागली नाही. १९७८ साली नामांतराच्या दंगलीत टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंना जिवानिशी मारलं. आपलं नुसतं 'जय भीम' त्यांना शिवीसारखं झोंबत होतं.

आता माझी गोष्ट सांगतो. हिच्यात माझीच चूक आहे.

लातूरचा माझा एक कवीमित्र आहे. आमची फेसबुकवर जुंपायची. मी लिहिलं, तुझी कविता म्हणजे भिजलेलं सिमेंटचं पोतं, उचलवत नाही नि फोडवत नाही. तो म्हणाला, तुझी कविता वाचायला क्रेन लागते. लोक हसले, आम्हीही हसलो. तेवढ्यात एक मोठा लेखक मधे आला. नाव घेत नाही. त्यानं लिहिलं, 'तुमच्यात कवितेलाही आरक्षण असतं का हो?' खाली हसरं तोंड. आणि मित्रहो, मी काय केलं? मीसुद्धा हसरं तोंड टाकलं. मोठा माणूस आपल्यात खेळायला आला, म्हणून पोटात गुदगुल्या झाल्या.

रात्री धाकट्या बहिणीचा फोन आला. ती लातूरला नीटच्या क्लासला आहे. म्हणाली, "दादा, तू बी हसलास? मला इथं पोरी रोज हेच म्हणतेत. मी सांगायचे, माझा दादा कवी हाय, तो उत्तर देईल."

माझी पाळी होती. त्या रात्री मला पोतं उचललं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या लेखकाला लिहिलं, ही थट्टा नाही, ही जात आहे. त्याचं उत्तर आलं, तुम्हाला विनोद कळत नाही. बरोबर. ज्या विनोदात मला उलट टोला मारायची जागाच नाही, तो मला कळत नाही. मी त्याच्या कवितेला काहीही म्हणालो तरी त्याच्या बहिणीला क्लासात कुणी डिवचणार नव्हतं.

विनोद आपल्याला शिकवू नका. आमच्या गावात जयंतीला दोन गायन पार्ट्यांचा सामना व्हायचा. माझा काका ढोलकीवर. हा सवाल टाकायचा, तो जवाब द्यायचा. आवाजावरून, पोटावरून, टकलावरून रात्रभर एकमेकांची सालं काढायचे. पहाटे दोन्ही पार्ट्या एका किटलीतला चहा प्यायच्या. बाबासाहेबही गप्प बसणारे नव्हते. १९२७ साली 'भाला' पत्र आपल्यावर गरळ ओकत होतं, तेव्हा 'बहिष्कृत भारत'मधून त्यांनी एकेक मुद्दा सोलून काढला. जहाल लिहिलं, पण मुद्दा सोडला नाही.

आता शेवटचं, आणि हे आपल्या घरातलं आहे. आपल्याच गटातटांत भांडण लागलं की आपण काय लिहितो? आई आणि बहीण. मी बहिणीला फुशारकीनं सांगितलं, आता आम्ही कुणाला सोडत नाही. तिनं आमचा ग्रुप वाचला नि एवढंच विचारलं, "सामना तुमचा, मग मैदान आम्ही काऊन?" माझ्याकडं जवाब नव्हता. अजून नाही. म्हणून तो सवाल इथं तुमच्यापुढं ठेवतोय.

तेव्हा शिव्या द्या. कवितेला द्या, ढोंगाला द्या, मला तर आत्ताच द्या. फक्त देण्याआधी बघा, समोरचा उलटून देऊ शकतो का. आणि झाल्यावर चहा एका किटलीतला पिता येईल का. येत असेल तर तो सामना. नसेल तर ती जात, मग ती त्यांच्या तोंडून येवो की आपल्या.

थांबतो. जय भीम.